गुप्ते सरांचा खोटा शेवट

गुप्ते सर दुकानाच्या पायरीवर दिसले की मी झेरॉक्स मशीनमागे सरकायचो. मशीनलाही ते कळायचं की काय कोण जाणे, नेमका तेव्हाच कागद अडकायचा. मी मशीनचं पोट उघडून आत हात घालायचो, सर काउंटरवर दोन्ही कोपरं टेकवून उभे राहायचे आणि वरून आवाज यायचा, "बाळ, तू गाढव आहेस. पण प्रामाणिक गाढव आहेस, म्हणून मी इथे येतो. समोरच्या दुकानातला हुशार आहे. तो मला चालत नाही."

मी नांदेडकडचा. नववीत शाळा सुटली, मग दोन-चार ठिकाणी राबून मामाच्या ओळखीनं कर्जतला या झेरॉक्सच्या दुकानात लागलो. मालक कल्याणला राहायचे, मशीन मी बघायचो. कॉलेज जवळच होतं, त्यामुळे गिऱ्हाईक सगळं पोरापोरींचं, आणि त्यांच्या हातात सगळ्या नोट्स. माझं इंग्रजी म्हणजे अक्षरं ओळखण्यापुरतं. तरी आज मला अकरा अमेरिकन कादंबऱ्यांच्या गोष्टी पाठ आहेत. या सगळ्या मला मशीनच्या घरघरीत, कागद मोजता मोजता, गुप्ते सरांनी सांगितल्या. का सांगितल्या, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर ते ओरडले असते.

सर कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. तिसऱ्या वर्षाला अमेरिकन कादंबरी हा त्यांचा विषय. राहायला दहिवलीला, तीन पिढ्यांपासून. तिथून पूल ओलांडून चालत यायचे. हातात पुस्तक, त्याला जुन्या कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर, आणि शर्टाच्या खिशात उकडलेल्या शेंगा. शेंग सोलायची, दाणे तोंडात, टरफलं परत त्याच खिशात. माझ्या काउंटरवर त्यांनी कधी एक टरफल टाकलं नाही, पण खिशात दाणे आणि टरफलं एकत्र व्हायची आणि मग ते रिकामी टरफलंच पुन्हा पुन्हा बाहेर काढून चिडायचे. चिडायला त्यांना काहीही पुरायचं. दुकानातलं पेन दोरीनं बांधलेलं आहे, चिडले. पोरं 'गुड मॉर्निंग' दुपारी म्हणतात, चिडले. एकदा एका पोरानं त्यांना विचारलं, "सर, तुम्ही अमेरिकेला कितीदा गेलात?"

"एकदाही नाही."

"मग तिकडचं एवढं कसं शिकवता?"

"अरे, मी तिथल्या जुन्या काळात राहतो. आता तिथे कोण राहतं ते मला माहीत नाही. तुझा कोणी भाऊ तिकडे असेल तर त्याला विचार."

त्यांच्या सगळ्या कादंबऱ्यांत एक माणूस असायचा. त्याला सर 'आपला गडी' म्हणायचे. आपला गडी कुठल्या तरी कोपऱ्यातून, फाटक्या बुटांनी निघतो. कष्ट करतो, वर चढतो, मोठं घर बांधतो. आणि मग कुठेतरी बिनसतं. सर म्हणायचे, "गडी वर चढतो ती दोनशे पानं कुणाला शिकवावी लागत नाहीत. ती पोरं आपली आपण वाचतात, लाळ गाळत वाचतात. शेवटची तीस पानं शिकवायचा मला पगार आहे. आणि ती तीस पानं कुणी उघडत नाही!"

हे शेवटचं वाक्य ते काउंटरवर हात आपटून म्हणायचे. आणि चूक नव्हतं त्यांचं. पोरं पुस्तक घ्यायचीच नाहीत. एकानं कधी तरी वर्गात उतरवून घेतलेल्या सरांच्या नोट्स होत्या, त्याच वर्षानुवर्षं झेरॉक्स व्हायच्या. झेरॉक्स करणारा मी.

मी दुकानात आल्याच्या दुसऱ्याच वर्षी सरांनी सापळा लावला. अभ्यासाला एक कादंबरी होती, तिचं नाव मला आजही नीट उच्चारता येत नाही. त्यातला गडी गरीब शेतकऱ्याचा मुलगा. पाठीवर लोखंडी शेगड्या बांधून दारोदार विकतो, मग स्वतःचा कारखाना काढतो, शहरातल्या टेकडीवर चाळीस खिडक्यांचं घर बांधतो. त्याला एकच हवं असतं, आपल्या गावानं हे बघावं. पण धंदा बुडतो, घर जातं, आणि तो थंडीत, एका पिशवीनिशी, आपल्या गावच्या स्टेशनवर उतरतो. स्टेशनमास्तर त्याला ओळखत नाही. स्टेशनला लागून बापाची जमीन होती, तिथे आता गोदाम उभं आहे, आणि ती जमीन कधीकाळी त्याच्याच कंपनीनं न बघता घेतलेली. तो वेटिंग रूमच्या बाकावर बसून राहतो. सकाळी झाडूवाल्याला तिथे मेलेला सापडतो. संपलं.

सरांनी नव्या नोट्स स्वतःच्या हातानं लिहिल्या. चौदा पानं, मोत्यासारखं अक्षर. आणि पान अकरावर मुद्दाम खोटा शेवट घातला. गडी गावच्या स्टेशनवर उतरतो, तर सगळं गाव बॅंड लावून उभं! बापाची जमीन तो परत विकत घेतो, तिथे शाळा बांधतो, आणि चाळीस खिडक्यांच्या घरात म्हातारपणी सुखानं राहतो. मग सरांनी हे कागद वर्गातल्या सगळ्यात बोलक्या पोराच्या हातात दिले आणि सांगितलं, "हे कुणाला दाखवायचं नाही हं."

त्या संध्याकाळपर्यंत मी त्याचे पंचेचाळीस संच काढले होते.

सहामाहीत अठ्ठेचाळीसपैकी शेहेचाळीस पोरांनी बॅंड वाजवला. उरलेल्या दोघांतला एक गैरहजर होता, दुसऱ्यानं तो प्रश्न कोराच सोडला होता. सर पेपरांचा गठ्ठा घेऊन आनंदानं प्राचार्यांकडे गेले, की बघा, एकानेही पुस्तक वाचलेलं नाही, सगळ्यांना शून्य देतो. प्राचार्यांनी चौदा पानं उलटून बघितली आणि विचारलं, "सर, अक्षर कोणाचं?"

मग शेहेचाळीस जणांना पुरे मार्क द्यावे लागले.

तिथून पुढे जे झालं ते थांबवणं कोणाच्याच हातात राहिलं नाही. नोट्स खोपोलीला गेल्या, खालापूरला गेल्या. कोणीतरी टाइप करून घेतल्या, प्लास्टिकचं कव्हर लावलं. वार्षिक पेपर तपासणारे दुसरीकडचे, त्यांच्यापाशीही हीच चौदा पानं पोचली असावीत, कारण बॅंडवाल्या उत्तराला दहापैकी आठ मिळायला लागले. ज्या एका मुलीनं खरंच पुस्तक वाचून गड्याला बाकावर मारला, तिला तीन मिळाले. ती रडत सरांकडे आली. सर तिच्यापेक्षा जास्त रडवेले झाले आणि तडक माझ्या दुकानात येऊन माझ्यावर ओरडले.

"तू छापलंस हे!"

"सर, तुमचंच अक्षर होतं..."

"माझं अक्षर म्हणून काहीही छापशील? वाचायचं नाही?"

"मला इंग्रजी येत नाही सर."

त्यांनी खिशात हात घालून एक शेंग काढली, ती रिकामी निघाली. "तुला येत असतं तर तू विचारलं असतंस," ते म्हणाले. "म्हणून म्हणतो, प्रामाणिक."

मग त्यांनी रोज चार वाजता दुकानात उभं राहायला सुरुवात केली, लाल पेन घेऊन. कोणी नोट्सची झेरॉक्स करायला आलं की सर त्याच्या हातून कागद ओढायचे, पान अकरावर आडवी रेघ मारायचे. मला वाटलं, आता तरी सुटलो. कसलं काय! पोरांनी ती रेघ बघितली आणि सगळीकडे बोभाटा केला, की सरांनी पान अकरावर स्वतः खूण केली आहे, म्हणजे हा प्रश्न येणारच. त्या वर्षी काही जणांनी फक्त पान अकराच झेरॉक्स करून नेलं.

मी हे सरांना सांगितलंच नाही. माझी छाती झाली नाही. त्यांना ते दुसऱ्या कोणीतरी सांगितलं, आणि आठ दिवस ते दुकानाकडे फिरकले नाहीत. त्या आठ दिवसांत मशीन एकदाही अडकलं नाही, आणि मला करमलं नाही.

त्यांचा राग फक्त पोरांवर होता असं नाही. पळसदरीच्या रस्त्याला बंगल्यांच्या स्कीमचे मोठमोठे फलक लागले होते, प्रत्येकावर एक गोरं कुटुंब हसतंय आणि खाली 'तुमच्या स्वप्नातलं घर'. सर चालता चालता थांबून ते मोठ्यानं वाचायचे. एकदा त्यांनी फलकावरच्या नंबरावर फोन लावला आणि विचारलं, "स्वप्नातलं म्हणता, पण नेमकं कोणाच्या?" पलीकडच्या मुलीनं गोड आवाजात साइट व्हिजिट देऊ केली. सर म्हणाले, येतो. मला बरोबर नेलं. तिथे टाय लावलेला एक पोरगा आम्हाला मोकळ्या जागेत चुन्यानं आखलेले चौकोन दाखवत फिरला. मला आपली धाकधूक, की हा आता आमची सही मागणार. सरांनी त्याला उन्हात उभं करून चाळीस खिडक्यांच्या घराची गोष्ट सांगितली, खऱ्या शेवटासकट. पोरानं शांतपणे ऐकून घेतलं.

"सर, विंडोज आपल्याला वाढवून मिळतील," तो म्हणाला.

परत येताना सर घाटापर्यंत ऐकू जाईल असं बोलत होते. पण त्या पोराचा फुकटचा वडापाव मात्र त्यांनी खाल्ला, आणि तो बरा होता हेही कबूल केलं.

सर निवृत्त झाले, पेपर बदलला, ती कादंबरी अभ्यासक्रमातून गेली. सगळं विसरलं जाईल असं वाटत होतं. मग एका शनिवारी रूपेश ठोंबरे आला.

रूपेश खालापूरच्या अलीकडच्या एका गावातला, भातशेतीवाल्या घरातला. सरांच्या शेवटच्या बॅचचा. हातात सातबारा, पासपोर्ट आणि एक करारनामा, सगळ्याच्या दोन-दोन प्रती हव्या होत्या. सर तिथेच कोपऱ्यावर शेंगा सोलत उभे. रूपेश खाली वाकून त्यांच्या पाया पडला.

"सर, अमेरिकेला चाललो. दोन वर्षांचा कोर्स आहे. सगळं तुमच्यामुळं."

"माझ्यामुळे? मी काय केलं?"

"बाबा तयारच नव्हते ना. म्हणे बापाची जमीन हाय, नाय इकायची. मग मी त्यांना ती शेगडीवाल्याची गोष्ट सांगितली. कसा फाटका निघतो, आणि परत येतो तेव्हा गाव बॅंड घेऊन उभं. बाबा म्हणले, हे कोनी सांगितलं? म्हटलं, गुप्ते सरांनी, पुस्तकात हाय. मग म्हणले, मास्तरांनी सांगितलं तर खोटं नसंल. सोमवारी रजिस्ट्रेशन. दोन्ही शेतं, घर पण. आईबाबांना भिसेगावला फ्लॅट घेतोय."

मी मशीनचं झाकण उघडलं होतं, ते तसंच राहिलं. सरांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. ते ओरडले नाहीत, तेच मला जास्त लागलं. रूपेश गेल्यावर ते म्हणाले, "उद्या दुकान बंद ठेव."

"सर, मालक..."

"मालकाला सांग, तुला साक्षीला जायचं आहे. खोटं मी लिहिलं, पण प्रती तू काढल्यास."

रविवारी सकाळी आम्ही सहा आसनी रिक्षा ठरवून निघालो. सर सगळ्या रस्त्यात तीच तीस पानं चाळत होते आणि स्वतःशी मराठी जुळवत होते. मी आपला देवाला म्हणत होतो, की त्यांना कोणी वेडंवाकडं बोलू नये.

ठोंबऱ्यांचं घर शेताला लागून, पुढे सारवलेला ओटा. रूपेशचे वडील बाळारामभाऊ उठून उभे राहिले, खुर्ची पुसून दिली. आई दारापाशी चिंचा फोडत बसली होती, विळ्याखाली चिंचोके टपटप पडत होते. रूपेशला आम्ही कशाला आलोय ते लगेच कळलं असावं, तो भिंतीला टेकून मोबाइल बघत राहिला.

सर बसले नाहीत. "बाळारामभाऊ," ते म्हणाले, "मी तुमच्या मुलाला खोटं शिकवलं. पोरं वाचत नाहीत म्हणून मुद्दाम लिहिलं होतं. त्याला ते खरं वाटलं आणि तुम्ही त्या गोष्टीवर विसंबून जमीन विकताय. उद्या सही करायच्या आधी खरं ऐका."

आणि त्यांनी पुस्तक उघडून, उभ्याउभ्या, शेवटचं प्रकरण मराठीत सांगितलं. मी ती गोष्ट त्यांच्या तोंडून पुष्कळदा ऐकली होती, पण तेव्हा ती रागानं सांगितलेली असायची. त्या दिवशी सर घाबरून सांगत होते. स्टेशनमास्तर 'कोण आपण?' म्हणतो तिथे त्यांचा आवाज फाटला. सकाळी झाडूवाला येतो, तिथे त्यांनी पुस्तक मिटलं.

पहिला बोलला तो रूपेश. "सर, मंगळवारी यायचं ना! सोमवार होऊन गेला असता. आधी खोटं सांगून बाबांना तयार केलंत, आता खरं सांगून बिघडवताय. दोन्ही वेळा माझंच वाटोळं! आणि मला त्याच उत्तराला दहापैकी आठ मिळालेत, ते काय मग?"

"ते माझं पाप आहे," सर म्हणाले. "पण तू जमीन विकू नकोस, एवढंच..."

"गप रं जरा," बाळारामभाऊ म्हणाले, मुलाला. मग सरांकडे वळले. "मास्तर, येक इचारू?"

"विचारा."

"त्यो गडी टेसनात बसला रातभर. तर गावातलं कोनी गेलं कसं नाय बघाया?"

"कुणाला माहीतच नव्हतं, तो येणार आहे म्हणून."

"त्यानं कळवलं नाय?"

"नाही. लाज वाटली असेल."

"बरं, त्यो लाजला. पन गावानं कदी इचारलं नाय, इतकी वर्सं आपला पोरगा हाय कुटं म्हून? बापानं? भावानं?"

सरांनी पुस्तक पुन्हा उघडलं. पानं पुढे केली, मागे केली. "पुस्तकात... तसं काही दिलेलं नाही."

"मंग ल्हिनारा इसरला."

"लेखक विसरला नाही हो! तेच तर त्याला..." सर अर्ध्यावर थांबले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचं वाक्य अपुरं राहिलेलं ऐकलं. मी खाली बघितलं. गावी जाऊन मला चार वर्षं झाली होती.

बाळारामभाऊ शेताकडे बघत होते. "रूपेश, खालचं शेत दे तू. तुज्या फीला तेवढं पुरंल. जा. शिक. पन ह्ये घराजवळचं नाय देनार मी. आनि घर पन नाय."

"बाबा, फ्लॅटचं ठरलंय!"

"फ्लॅटाला वटा नाय. तू गाडीतनं उतरलास आन कंगाल होऊन उतरलास, तर बसशील कुटं? त्या बाकड्यावर? आमी इतं र्‍हानार. तू कळव नायतर नको कळवू, आमी हाव."

रूपेश मोबाइल खिशात टाकून आत गेला, आणि थोड्या वेळानं बाहेर येऊन सरांच्या हातात चहा दिला. कप जरा आपटूनच दिला, पण दिला.

तसंच झालं पुढे. सोमवारी एकाच शेताची सही झाली. रूपेश गेला. तिकडे आहे, बरं चाललंय म्हणतो, त्याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही ते त्याचे वडील दर रविवारी त्याच्या आवाजावरून ठरवतात. घराजवळचं शेत जिथल्या तिथे आहे. गुप्ते सर गेल्या वर्षी गेले. मी दहिवलीला खांदा द्यायला गेलो, तर पोरांची एवढी गर्दी, की मला हात लावायला मिळाला नाही.

पण सर म्हटलं की मला तो रविवारच दिसतो, परतीचा. रिक्षात बसल्या बसल्या त्यांनी सुरुवात केली. "निम्मं! निम्मंच ऐकलं त्यांनी! एक शेत गेलंच. आणि लेखक विसरला म्हणे! जगानं डोक्यावर घेतलेला लेखक, आणि ठोंबरे म्हणतात विसरला!" मी मान हलवत होतो. दुकान, मालक, सगळं माझ्या डोक्यात फिरत होतं. मग सरांनी पुस्तक मांडीवर आडवं ठेवलं.

"एकतीस वर्षं मी ते पान शिकवलं," ते म्हणाले. "स्टेशनावर कोणी का गेलं नाही, हे एकदाही विचारलं नाही."

"पोरांनी ना, सर?"

"मी, गाढवा. मी."

रिक्षा फाट्याला लागली. सरांनी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात मारला. "थांबव. थांबव रे. ती बाई काहीच बोलली नाही."

"कोण बाई, सर?"

"रूपेशची आई! सगळा वेळ चिंचा फोडत होती. सगळे बोलले, तिला कोणी विचारलंच नाही. मी पण नाही."

"सर, दुपार होत आली. रिक्षावाला थांबायचा नाही. परत कधीतरी येऊ..."

ते उतरलेसुद्धा. रस्ता सोडून, शेताच्या बांधावरून, पुस्तक काखेत मारून निघाले. बांध अरुंद, त्यांची चप्पल दोनदा घसरली, दोन्ही वेळा ते बांधावरच ओरडले. रिक्षावाला शिव्या घालायला लागला आणि मी त्याला हात जोडत होतो. दुरून मला ओटा दिसत होता. रूपेशच्या आईनं विळा बाजूला सरकवला, पदर सावरला. सरांसाठी खुर्ची आणायला ती उठू लागली, तर सरांनी तिला खूण करून बसवलं आणि स्वतः तिच्यासमोर खाली, सारवणावर मांडी घातली. मग ती बोलायला लागली. काय बोलत होती ते इतक्या लांबून ऐकू येईना, पण हात हलत होते, एकदा शेताकडे, एकदा दाराकडे, एकदा छातीकडे. पुष्कळ बोलली. सर एकदाही मध्ये बोलले नाहीत.

रिक्षावाल्यानं वैतागून हॉर्न दाबला, लांबलचक. सरांनी वळून बघितलं नाही. नुसता पंजा वर केला, वर्गाला गप्प करतात तसा, आणि तसाच धरून ठेवला.